सोबत कोण: हवंच

आष्ट्यातल्या घराच्या माडीवर बसून ऋषिराजनं एक छोटी भाषा केली होती. नोंद कशी असावी, तिच्यात कुठले रकाने असावेत, एवढंच कॉम्प्युटरला सांगणारी. आतून सगळं जावास्क्रिप्ट, वरून साधं मराठी. ‘नाव: शब्द, हवंच.’ ‘टोपणनाव: शब्द, असलं तर.’ ‘हवंच’चा रकाना मोकळा सोडला की नोंद जी अडून बसायची, ती हलायची म्हणून नाही.

साताऱ्याच्या एका संस्थेला बालवाडीतल्या पोरांच्या नोंदींसाठी ती हवी होती. चाचणीला एखादी खोटी नोंद लागतेच. लोक आपलं ‘अबक’ लिहितात. या गड्यानं हौसेनं स्वतःच्या लेकीचं नाव घातलं: शिवांजली, वय चार. इथंच चुकलं. मागच्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत पोर गेली. नोंद तेवढी राहिली.

आज काम द्यायचं होतं. संस्थेच्या भाऊसोंचे सकाळपासून दोन फोन झाले. “खोटं काय आत ठेवू नका हं.” छातीवर दगड ठेवून ऋषिराजनं नोंद पुसली आणि चाचणी चालवली.

नोंद होती. शिवाय भाषेच्या फाइलीत त्याच्याच धाटणीची एक ओळ वाढलेली: ‘थंडी वाजते: हो किंवा नाही, हवंच.’ पुढं भरलेलं, ‘हो’.

आपणच कधी लिहिलं असेल म्हणून त्यानं फाइलीचा इतिहास काढला. शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वीचा होता, त्यात ही ओळ नव्हती. ओळ पुसली, नोंद पुसली. नोंद पुन्हा आली, नवी ओळ घेऊन: ‘अंधार आहे: हो.’

तिसऱ्यांदा पुसल्यावर आलं, ‘सोबत कोण: एक नाव, हवंच.’ पुढं मोकळं.

त्याची बायको प्रियदर्शनी चहा घेऊन वर आली. कप ठेवता ठेवता तिनं वाचलं.

“आवं, एकटी हाय ती.”

“कायतरी बिघडलंय गं.”

“मग पुसा की.”

त्याचा हात उठेना. त्यानं आपल्या वारलेल्या आईचं नाव घातलं, मनुबाई. लाल अक्षरं उमटली: ‘ओळखत नाही.’ खरंच होतं. पोर जन्मायच्या आधीच आई गेलेली.

मग तो स्वतःचं नाव लिहू लागला. प्रियदर्शनीनं मनगट धरलं.

“तुमी न्हाई. मी जाते.”

“गप गं, खुळे.”

“माझ्याबिगर झोपती व्हय ती?”

दोघंही रडत होती. शेवटी त्यानं फाइलीतलं ‘एक’ खोडून ‘दोन’ केलं. दोघांची नावं घातली. नाव घातलं, की त्या माणसाचीही नोंद आपोआप व्हायची.

चाचणी पास झाली, सगळं हिरवं झालं. हिरवं झालं की काम साताऱ्याला जायचं, तशी सोय त्यानंच केली होती.

लगेच फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

“झकास झालंय!” भाऊसो म्हणाले. “फकस्त तीन खोट्या नोंदी ऱ्हायल्यात. तुमच्याच घरातली नावं दिसत्यात.”

“भाऊसो, त्या ऱ्हाऊ द्या, त्या—”

“आवं, किती वेळ लागतोय? काढल्या बी मी.”

साताऱ्यात भाऊसो फोन कानाला लावून बसले. फोनमधून रिकाम्या माडीवरचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

“हॅलो? ऋषिराज?”

पंखा.

“वहिनी, तुमी तरी बोला.”