निळ्या झाकणाची टाकी

वारा पडेपर्यंत घाट उघडत नाही, म्हणजे आजची रात्र तुम्ही ट्रकवाली पोरं माझ्या टायरच्या दुकानात. सरका शेगडीजवळ. मातेच्या कडू चहाचा पेला फिरवत राहा. आणि ब्राउलियो, प्यायच्या नळीने तो ढवळू नकोस, तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही वाटतं.

ब्राउलियो मघाशी हसत होता. कुणाच्या ट्रकात तो धूर साफ करायचा पातळ युरिया ओतायला लागलो की मी टोपी काढतो, बोलायचा थांबतो, सांडलेला थेंब न् थेंब फडक्याने टिपतो, म्हणून म्हातारा टाकीची पूजा करतो म्हणाला. हस बाबा, मला राग नाही. पण त्याचं कारण सांगतो. माझा कोंपाद्रे नेमेसियो तुम्हाला माहीत आहे. त्याच्या लेकीला, मिरेयाला, बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातांवर धरलं होतं, म्हणून आम्ही कोंपाद्रे. तो खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा कान पांढरे होते.

गेल्या वर्षीच्या जूनची एकवीस तारीख, शनिवार. आपल्या दक्षिणेकडे भर हिवाळा, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. एका स्विस जोडप्याचा ट्रक, तो पाठीवर घर असलेला, हिवाळ्यापुरता नेमेसियोच्या अंगणात उभा होता. तो सान हुआनच्या गॅरेजात नेऊन दाखवून आणायचा, एवढंच काम. मिरेयाही त्याच्याबरोबर निघाली, आपल्या एलियासला घेऊन. पोर चार महिन्यांचं, पण दिवसांआधी जन्मलेलं, हातात घेतलं तर मांजरीच्या पिल्लाएवढं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दर तीन तासांनी अंगावर पाजायचं, बाहेरचं दूध त्याला पचत नाही, आणि सोमवारी वजनाला आणायचं. एक वेळ चुकली तरी त्या पोराला महागात पडणार होती.

पंपावर नेमेसियोनं युरियाचा दहा लिटरचा कॅन घेतला. तुम्ही रोज भरता, तुम्हाला काय सांगायचं. डिझेलच्या झाकणाशेजारी ते छोटं निळं झाकण. त्यात युरिया नसला की धूर साफ होत नाही आणि गाडी अडून बसते. निघतानाच दिवा लागला होता, पण नेमेसियो म्हणाला, दिफुंताच्या देवळीपाशी थांबायचंच आहे, तिथे ओतू.

ती देवळी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. दिफुंता म्हणजे तीच, तहानेनं मेलेली बाई, मेल्यावरही जिच्या छातीशी पोर पीत राहिलं. तिथे पाण्याची बाटली ठेवल्याशिवाय आपल्यातला कुणी पुढे गेलाय का? नेमेसियोच्या बापानंही ठेवली, आजानंही.

सात वाजायला वीस मिनिटं होती. अंधार पडलेला. नेमेसियोनं कॅन उचलून हळूहळू टाकी भरली. काटा वर गेला. मग पाणी ठेवायला बघतो तर पाणीच नाही. ट्रकातली टाकी गारठ्यानं फुटू नये म्हणून त्यानं स्वतःच रिकामी केलेली. मिरेयाची बाटली वाटेत संपलेली. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागतेच. आता रिकाम्या हातानं पुढे जायचं, तेही तान्हं पोर बरोबर असताना? त्याला ते जमेना.

कॅनच्या तळाशी थोडा युरिया उरला होता. पाण्यासारखा स्वच्छ. त्यानं तो रिकाम्या बाटलीत ओतला, झाकण घट्ट लावलं आणि बाकीच्या बाटल्यांत ठेवून दिला.

मिरेयानं काचेतून पाहिलं. म्हणाली, "पापा, ते पाणी नाही."

"अगं, ती कुठे खरंच पिते? येताना चांगलं पाणी ठेवू."

हॉर्न दोनदा वाजवला आणि निघाले.

चार किलोमीटर गेले असतील. दिवा पुन्हा लागला.

नेमेसियोनं काट्यावर टिचकी मारली. काटा खाली. नुकतीच भरलेली टाकी. खाली उतरून बॅटरीनं पाहिलं. गळती नाही. पाइप कोरडा, जमीन कोरडी. त्यानं निळं झाकण फिरवून उघडलं आणि कान लावला.

आतून आवाज येत होता.

मी विचारलं, कसला?  त्यानं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि घोट गिळताना हलतं तसं फिरवलं. वर… खाली… वर… खाली.

त्यानं झाकण लावलं. धावत पुढे आला तर इंजिन बंद पडलेलं. किल्ली फिरवली. काही नाही. आणि आत पोर रडत होतं. पाजायची वेळ झाली होती. मिरेया त्याला छातीशी धरून बसली होती, पण पोर ओढून ओढून तोंड सोडत होतं.

"पापा, येत नाहीये."

"घाबरलीस म्हणून. जरा थांब."

"सकाळी अंगरखा भिजत होता. आता थेंब नाही."

फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर एकही गाडी नाही. साडेसात झाले. आठ झाले. पोराचा आवाज बारीक होत गेला, आणि रडण्यापेक्षा ते जास्त वाईट.

शेवटी मिरेयाच म्हणाली, "तिला खरं पाणी देऊन या."

रस्त्याकडेच्या मोरीत बर्फ धरला होता. नेमेसियोनं चाकाच्या पान्यानं तो फोडला, माते करायच्या किटलीत भरला. पण तहानलेल्याला बर्फ काय द्यायचा? म्हणून किटली पोंचोच्या आत, पोटाशी धरली, चालता चालता वितळावा म्हणून. मिरेयाला सांगितलं, मागच्या घरात जा, आतून कडी लाव. कुणी हाक मारली तरी उघडायचं नाही. मी आलो तर तीनदा ठोठावीन.

तो चालत निघाला. चार किलोमीटर.

देवळीपाशी शेकडो बाटल्या होत्या, सगळ्या भरलेल्या, गोठून पांढऱ्या पडलेल्या. त्याची तेवढी रिकामी. झाकण मात्र घट्ट. जसं त्यानं लावलं होतं तसंच.

त्यानं टोपी काढली. किटलीतलं पाणी बाटलीत ओतलं. माफी मागायला मान खाली घातली.  मग त्याच्या लक्षात आलं…

देवळीपुढच्या धुळीत पावलं होती. अनवाणी. बाईची. देवळीकडे येणारं एकही नव्हतं. सगळी जाणारी.

त्याच्या ट्रकाच्या दिशेनं.

तो पळाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्या गारठ्यात. कितीदा पडला ते त्याला आठवत नाही. ट्रक दिसला. मागच्या घरात दिवा जळत होता. पोराचा आवाज नव्हता.

तीनदा ठोठावलं.

आतून कडी निघायचा आवाज आला. कडी लावलेलीच होती, पोरांनो. हे तो दरवेळी सांगतो. कडी आतून लावलेलीच होती.

दार उघडून मिरेया परत कोपऱ्यात जाऊन बसली. गुडघे छातीशी. अंगरख्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. समोरच्या पलंगावर एलियास झोपला होता. पोट भरून तट्ट. मुठी सैल.

"पाजलंस?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग…?"

ती पलंगाच्या कडेकडे बघत राहिली. तिथली गादी दबलेली होती. कुणी बराच वेळ बसून उठावं, तशी.

ट्रक पहिल्या किल्लीला सुरू झाला. काटा वर होता.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि मिरेयाची पाठ थोपटली, असंच पाजत राहा म्हणाल्या. मिरेयाला त्या रात्रीनंतर दूध आलं नाही. कधीच नाही. तिनं हे बाईंना सांगितलं नाही. बाटली दिली तर एलियास तोंड फिरवायचा. आणि दर सोमवारी वजन वाढत होतं. मिरेया आता रात्री झोपत नाही. दाराला दोन कड्या केल्यात, तरी दिवा लावून बसते.

मी फेब्रुवारीत त्याच्या पहिल्या वाढदिवसाला गेलो होतो. पोर गुटगुटीत, हसरं. दुपारी झोपेतून उठलं तेव्हा मीच उचललं. त्याच्या ओठांभोवती पांढरी कड होती. मला वाटलं, दूध वाळलंय. अंगठ्यानं पुसलं तर खरखरीत. दाणे होते. तुम्ही युरियाच्या टाकीचं झाकण उघडता ना, तेव्हा कडेला जमलेले असतात… तसे.