टाकीमागचा हिरवा कोपरा

"थांब, थांब! सरकतेय! माझ्या पायावर पडेल!"

"तुझ्या पायाचं काय घेऊन बसलास? जास्वंदीची फांदी मोडेल ना!"

मोठीनं गुडघा लावून कुंडी जिन्याच्या कठड्याशी अडवली आणि तिथंच पायरीवर बसकण मारली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हातांना मातीचा वास येत होता आणि दुपार नुकती कुठं सुरू झाली होती. सुट्टीत काय काय करायचं ठरवलं होतं! पोहायला शिकायचं, पत्र्याच्या डब्यांचा टेलिफोन करायचा. आणि चाललंय काय, तर गच्चीवरून खाली आणि खालून गच्चीवर.

घरातली पहिली पोर म्हणून आत्यानं तिला 'मोठी' म्हणायला सुरुवात केली आणि तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं. तिचा धाकटा भाऊ सदा काहीतरी कुरतडत असायचा, म्हणून तो खारू. आता कुंडीची दुसरी बाजू धरून जो धापा टाकत होता, तो शेजारचा वकील. तिच्याच वर्गात होता आणि वाद घातल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचा नाही.

कुंड्या आत्याच्या होत्या. टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त होऊन ती भावाकडे राहायला आली, ती एक ट्रंक आणि एक मोगरा घेऊन. मोगऱ्यापाठोपाठ गच्चीवर गुलाब आला, लिंबू आलं, पुदिना आला. फुटक्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, कान तुटलेले कप, सगळ्यात काही ना काही उगवलं. तांदूळ धुतलेलं पाणी ती कुणाला ओतू द्यायची नाही. गुडघे कुरकुरत असले तरी ते पातेलं घेऊन स्वतः वर चढायची.

मग चौथ्या मजल्यावरच्या सचिवकाकांच्या बेडरूमचं छत ओलं झालं. पोपडे गादीवर पडू लागले. काका इमारतीचे सचिव, त्यामुळे सभा त्यांनीच बोलावली आणि निकालही त्यांनीच दिला, "कुंड्यांचं पाणी मुरतंय! गच्ची रिकामी करा!" उद्या सकाळी रोपवाटिकेचा टेम्पो येऊन सगळं घेऊन जाणार होता.

आत्या भांडली नाही. त्या दिवसापासून तिनं झाडांना पाणी घालणंच बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. "जाऊ दे गं," एवढंच म्हणाली. "दमले मी आता."

"चला," मोठी उठली. "आता गुलाब."

वर गच्ची तव्यासारखी तापली होती. झाडांनी माना टाकल्या होत्या. पुदिन्याचा तर पाचोळा झाला होता. गुलाबाच्या कुंडीत मोठीनं बोट खुपसलं. माती दगडासारखी.

"ताई!" टाकीच्या मागून खारूचा आवाज आला. "इकडे टोमॅटो आहेत!"

"तुला सगळीकडे खायलाच दिसतं."

"खरंच आहेत! हा बघ, खाल्ला पण!"

दोघं टाकीला वळसा घालून गेली आणि बघतच राहिली. टाकी आणि कठडा यांच्या मधल्या बोळकांडीत, जिथं कुणी कधी फिरकत नसे, फरशीच्या फटीतून टोमॅटोचं झाड वर आलं होतं. पोपटी, टवटवीत, मस्तवाल! खाली मऊ गवत, कडेला शेवाळं.

"हे कुणी लावलं?" मोठीनं विचारलं.

"कावळ्यानं," खारू बी थुंकत म्हणाला.

"लावलं कावळ्यानं असेल," वकिलाच्या भुवया वर गेल्या, "पण याला पाणी कोण घालतंय?"

इतक्या उन्हात, आत्याची लाडाची झाडं करपत असताना, हे बेवारशी झाड कुणाच्या जिवावर माजलं होतं?

गवतापलीकडे विटांवर पत्र्याचा तुकडा ठेवला होता. वकिलानं तो उचलला. खाली टाकीतून निघालेली एक बारीक नळी कठड्यावरून खाली गेली होती. तिच्या सांध्याला जुनं बनियन गुंडाळून वर सुतळी बांधली होती. बनियन चिंब होतं. टप. टप. टप.

"आत्यानं पाणी बंद केलं, तरी काकांचं छत वाळलं का?" मोठीनं विचारलं.

"कुठलं! काल तर काकू आईला सांगत होत्या, आता गादीच सरकवावी लागली म्हणून," वकील म्हणाला.

"मग त्यांची खोली आहे कुठं? कुंड्यांच्या खाली, की याच्या खाली?"

"ते आत्ता सांगतो," म्हणून वकील जिन्यावरून धडधडत गेला. काका दिवाणखान्यात कूलरपुढं घोरत होते आणि खिडकीतून आलेली तीच नळी कूलरमध्ये शिरली होती. "काकू, बेडरूमच्या छताला जळमटं लागलीत, काढून देऊ?" असं म्हणून त्यानं झाडू मागून घेतला. काकूंना काय, आनंदच झाला! वर मोठी आणि खारू तापल्या फरशीवर पोटं टेकून कान लावून पडली.

"भाजतंय!" खारू कुजबुजला.

"गप! ऐक!"

ठक ठक ठक. खाली वकील ओलीच्या जागी झाडूचा दांडा आपटत होता. आवाज कुंड्यांकडून नव्हता. मोठी सरपटत सरपटत टाकीकडे सरकली. ठक ठक! थेट गवताच्या खालून, तिच्या हनुवटीखालून! तिनं उठून मगभर पाणी आणून फरशीवर ओतलं. ते टाकीकडून निघालं आणि उतारानं कुंड्यांच्या बाजूच्या पन्हाळीत गेलं. कुंड्यांचं पाणी काय चढ चढून काकांच्या गादीवर जाणार होतं?

मोठी धावत घरी गेली. बाबा रात्रपाळी करून नुकते आडवे झाले होते. "बाबा, ओल कुंड्यांची नाहीये! तिथं एक नळी—"

"मोठे, मोठ्यांच्या भानगडीत पडू नका," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "ठरलंय ना एकदा? झोपू दे जरा."

ती पाय ओढत पुन्हा जिन्यात येऊन बसली. सगळे दमलेले! आत्या दमलेली, बाबा दमलेले, आणि आपण? आपल्याला कुणी विचारलंय का?

"काकांना जाऊन सांगू या," खारू म्हणाला.

"म्हणजे ते म्हणतील, कसली नळी, कुणाची नळी," वकील म्हणाला. "रातोरात ती गायब. आपल्याकडे कबुली पाहिजे, कबुली!"

मोठीनं मान वर केली. "त्या नळीला टाकीपाशी चावी आहे ना? मग कबुली आपोआप चालत येईल. पायात चपलासुद्धा घालणार नाही."

चावी बंद झाली. मोठीनं आत्याला उठवलं. "आत्या, झाडं उद्या चालली. एकदा वर येऊन बघ तरी." आत्या भिंतीकडून या कुशीवर वळली. मग पदर सावरून उठली. ती जिना चढतेय म्हटल्यावर आईनं बाबांना हलवलं आणि दोघं मागोमाग आली. वकील काकूंनाही घेऊन आला.

सगळे गच्चीवर जमले. आत्या मोगऱ्याच्या वाळक्या कळ्या खुडत होती. मोठी दाराकडे बघत होती. कूलरची टाकी रिकामी व्हायला वेळ तरी किती लागतो?

आणि दार धाडकन उघडलं! सचिवकाका, बनियनवर, अनवाणी, घामाघूम. इकडे तिकडे न बघता ते तडक टाकीमागं गेले. पत्रा खणकन वाजला.

"कुणी बंद केली रे ही चावी? माझा कूलर कोरडा पडला!"

"कुठली चावी, काका?" वकिलानं अगदी गरीब आवाजात विचारलं.

"ही काय, माझ्या नळीची! मी स्वतः जोडली—" काका वळले. समोर सगळी इमारत उभी नव्हती, पण पुरेशी होती.

बाबा पुढं गेले. त्यांनी भिजलेल्या बनियनला हात लावला, गवत पाहिलं, उतार पाहिला. खारूनं झाडूची हकिकत एका दमात सांगून टाकली.

"तात्पुरतं बांधलं होतं हो," काका पुटपुटले. "दोन दिवसांसाठी. नळवाला कशाला बोलवायचा म्हटलं... विसरूनच गेलो."

"घरात प्रत्येक वस्तू यांनी तात्पुरतीच बांधलीय!" काकू कडाडल्या. "आणि त्या माउलीची झाडं वाळवलीत! तुमच्यापेक्षा या पोरांना जास्त कळतं! आता उचला कुंड्या!"

काकांनी खरंच उचलल्या. खाली गेलेल्या सगळ्या, जास्वंदीपासून, एकेक करून वर आणल्या. बाबांनीही आणल्या. शेवटची ठेवून ते मोठीजवळ आले. "मी ऐकून घ्यायला हवं होतं," म्हणाले. "शाबास, पोरांनो. आम्ही निकाल दिला, पण बघितलं तुम्हीच." आईनं टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं.

आत्यानं पाणी घातलं. वाळल्या मातीतून बुडबुडे येत होते, घोट घेतल्यासारखा आवाज होत होता. पण गुलाबाची सगळी पानं झडली होती. नुसती काटकी उरली होती.

"हा गेला का गं?" मोठीनं हळूच विचारलं. आता तिला रडू येत होतं, इतकं दमल्यावर येतं तसं.

आत्या तिच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे धरून. तिनं नखानं गुलाबाची साल जराशी खरवडली. सालीखाली बारीकशी हिरवी रेघ होती, ओलसर.

"जिवंत आहे," आत्या म्हणाली. "वेळ लागेल त्याला. लागू दे." आणि मोठीचं डोकं तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.