रिकाम्या हॉलमधलं भाषण

ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या सुनेच्या, आम्रपालीच्या बाबतीत घडलेली आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गेल्या जानेवारीतली भर दुपार. मुंबईहून लक्षद्वीपकडे निघालेलं मोठं प्रवासी जहाज, आणि त्याच्या खालच्या मजल्यावरचा थंडगार हॉल.

आम्रपाली फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिक हडपसरला. दोन वर्षं ती भाजीबाजारात जाऊन हमालांच्या पाठी तपासत होती. त्यावर निबंध लिहिला. पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट संघटनेच्या परिषदेत त्यावर चर्चा झाली, तर संघटना बाजाराला पत्र देणार होती : पोती लहान करा, माणसं मोडताहेत.

चर्चा झाली तर. आणि चर्चेला माणसं लागतात.

या वर्षी परिषद जहाजावर भरली. निबंधाची वेळ झाली, आणि हॉलमध्ये एकही माणूस नाही. सगळे वर, पोहायच्या तलावात.

"हे काय, सर?" तिनं विचारलं.

"अहो मॅडम, समुद्रावर आणलंय लोकांना," संघटनेचे सचिव सुदर्शन सर म्हणाले. "पाणी सोडून पाठी कोण बघणार?"

"मग सदाशिव पेठेतच घ्यायची होती परिषद."

"तिथं तरी कोण येत होतं? इथून निदान घरी पळता येत नाही."

तिच्या डोक्यात सणक गेली. दोन वर्षं राबले ती काय या विनोदासाठी?

सरांनी घड्याळ पाहिलं. "तुम्ही सुरू करा. वेळ म्हणजे वेळ. मी माणसं घेऊन येतो."

"खुर्च्यांना सांगू?"

"खुर्च्या मध्येच उठून जात नाहीत," म्हणत सर निघून गेले.

दार बंद झालं.

रागाच्या भरात तिनं माईक हातात घेतला. सवयीनं विचारलं, "मागे ऐकू येतंय ना?"

आणि मागून...

"हां."

ती थांबली. माईकची घरघर असेल. जहाजाचं इंजिन असेल. तिनं बोलायला सुरुवात केली.

पहिलं चित्र पडद्यावर आलं. हमालाची वाकलेली पाठ.

मागच्या रांगेत खुर्ची करकरली...

मग दुसरी.

मग अख्खी रांग.

खुर्च्या तर रिकाम्याच दिसत होत्या.

ती बोलत राहिली. हळूहळू हॉलमध्ये वास पसरला... ओल्या गोणपाटाचा. कांद्याचा. घामाचा. भर समुद्रात!

आणि श्वास. दमलेल्या माणसांचे, दाबून धरलेले श्वास.

इंजिनाचा आवाज आता येतच नव्हता.

भाषण संपलं. टाळी नाही. नुसते श्वास.

मग अगदी मागून, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"बाई... आता खाली ठिवू का?"

आम्रपालीनं मागच्या रांगेकडे पाहिलं. खुर्च्या रिकाम्याच.

बाजारात ती पाठीचं माप घ्यायची, तेव्हा हमाल पाठीवर पोतं घेऊन तसाच उभा राहायचा. तिनं सांगितल्याशिवाय खाली टाकायचा नाही. आणि माप झालं की प्रत्येक जण हेच विचारायचा.

पण हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिच्या हमालांपैकी कुणाचाच नव्हता.

तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "ठेवा."

धप्प...

धप्प... धप्प...

एका रांगेतून दुसऱ्या रांगेत आवाज सरकत गेला. शेवटी एक लांब सुस्कारा.

मग काहीच नाही.

तेवढ्यात दार उघडलं. हसणं, गलका, ओले केस, खांद्यावर टॉवेल. सुदर्शन सरांनी चहा-भजी हॉलमध्येच ठेवल्याचं जाहीर केलं होतं.

"घ्या मॅडम, भरला हॉल! आता परत सांगा सगळं."

लोक बशा घेऊन मागच्या रांगांत बसले. सुदर्शन सरही त्यांच्यातच.

"खुर्ची गरम कशी हो?" कुणीतरी म्हणालं. "आत्ता कोण बसलं होतं इथं?"

आम्रपालीनं परत सांगितलं. आता कुणी हसत नव्हतं. भजी तशीच राहिली. एकेक जण खाली बघत, पुढे वाकत चालला होता.

चर्चा झाली. पत्र तिथंच ठरलं.

मग उठायची वेळ आली... आणि मागच्या रांगांतल्या कुणालाच सरळ उठता येईना. हात टेकत, कण्हत, एकमेकांना धरून उठले सगळे. एसीनं पाठ धरली, म्हणाले.

पुण्यात परतल्यावर तिनं बाजारातल्या मुकादमाला, वैजनाथला फोन केला.

"सगळी माणसं बरी आहेत ना?"

"हायती की, ताई. कोबी उतरवत्यात. का वो?"

तिनं फोन ठेवला. मग ते कोण होते?

पत्र गेलं. पोती थोडी लहान झाली. तिला हवं होतं ते मिळालं.

पण सुदर्शन सर अजून दर आठवड्याला हडपसरला येतात. कमरेत वाकलेले. त्यांचे विनोद बंद झाले आहेत.

"मॅडम, एक्स-रे स्वच्छ, एमआरआय स्वच्छ. मग आहे तरी काय हे?"

ती त्यांच्या पाठीवर हात ठेवते, आणि पटकन काढून घेते.

पातळ सुती शर्ट असतो, पण हाताला लागतं ते काहीतरी खरबरीत... ओलसर... आणि गच्च भरलेलं.

"स्नायू आखडलेत, सर," ती म्हणते. "जाईल हळूहळू."