डोक्यावरलं पानी

गोरक्ष्यानं पैज घेतली ती निव्वळ माजापायी. त्याच्या जोडीचं पोरगं काकासाहेब म्हनला, "कारभारी तात्याला भ्या दावून दाव, मग तुला मानतो. समुद्र बघितलेला गडी हाय त्यो." गोरक्ष्या म्हनला, "त्यात काय!" आन् सातवीत दोनदा आपटलेलं डोकं लगेच कामाला लागलं.

काष्टी गावाला परत यायच्या आदी तात्या जहाजावर इंजिनखोलीत तेलवाला हुता. आता दुष्काळात विहिरीवरल्या इंजिनाचे नटबोल्ट सुदिक चोरीला जायचे, म्हनून रोज रातच्याला विहिरीवर राखनीला. त्र्याहत्तर साल, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची अवस. दोगं पोरं तात्याची भाकरी घिऊन गेली आन् थितंच बसली. एवढी गोड्या पान्याची विहीर, पर दिवाळीपास्नं कोरडी ठनठनीत. गोरक्ष्या मुद्दाम पंपाच्या पाइपाला टेकला, घोंगडीखाली पाना लपवून.

"तात्या, भुताचं सांगा की."

तात्यानं बिडी पेटवली. "भुताचं न्हाई, घडल्यालं सांगतो. आमच्या जहाजावर आसाराम म्हनून एक हुता. आपल्यासारखाच, विहिरीवर वाढल्याला. इंजिन गार ठेवाया समुद्राचं पानी आत वढत्यात. त्या वाटंवर जाळी असती. ती तुंबली. जोडीला तिसगावचा भीमा, पर त्यो च्या प्यायला वर गेल्ता. आसारामानं पंप बंद केला आन् जाळीचं झाकन खोललं."

"मग? आपुन बी तसंच करतो की," काकासाहेब म्हनला.

"थितंच चुकलं ना, लेका! विहिरीत पंप थांबला की पानी खाली ऱ्हातं. जहाजात आपुनच पान्याच्या खाली. समुद्र डोक्यावर. आदी चाक फिरवून समुद्राकडला वाल, पान्याची चावी, बंद करायचा असतो. त्यो इसरला."

गोरक्ष्या हसनार हुता. हसला न्हाई.

"झाकन हातातनं उडालं. पानी तोफंगत आत. भीमा पळत आला, वाल फिरवाया लागला, तर चाकच निखळून हातात. उपसायचा पंप सुरू केला, त्यात चिंध्या आडकल्या. त्यो बी बंद. मग दिवं गेलं. पानी कमरंएवढं. छातीएवढं. भीमा म्हनला, तू वर जा, मी पाना लावून वाल फिरवून बघतो. आन् बुडी मारली..."

बिडी इजली हुती. तात्याला कळलं न्हाई.

"आसाराम शिडीवर उभा. खालनं लोखंडावर पाना वाजला. टन्... टन्... टन्. म्हंजी मी हाय अजून. थोड्या येळानं पुन्ना. टन्... टन्... टन्. आन् आसारामाला काय बी करता यिना. पानी निस्तं वर येतंय. एकेक पायरी वर. मग..."



गोरक्ष्यानं घोंगडीखालनं पाना मारला.

टन्. टन्. टन्.

तात्याच्या हातातली बिडी पडली. त्यानं विहिरीकडं तोंड करून हात जोडलं.

"भीमा... आसाराम कुनी नव्हताच, बाबा. मीच खोललं झाकन. चौकशीच्या साहेबानं इचारलं तवा म्या तुजं नाव सांगितलं. तू बुडल्याला... तू काय बोलनार... तुज्या बायकूला, गोजरबाईला, तिसगावात अजून म्हनत्यात, तुज्या नवऱ्यानं जहाज बुडीवलं..."

म्हातारं ल्हान पोरागत रडाया लागलं. काकासाहेबानं गोरक्ष्याकडं बघितलं. पैज जिकली हुती. पर गोरक्ष्यानं घोंगडी बाजूला सारली.

"तात्या... भीमा न्हाई. म्या वाजवलं." त्यानं पाना फुडं केला. "पैज हुती. चुकलं माजं."

तात्यानं त्याच्या हातातनं पाना काढून घेतला.

"आसू दे. पर सकाळच्या यष्टीनं मी तिसगावला चाललो. गोजरबाईफुडं बोलल्याबिगर आता..."

टप्.

तिगंबी आवाजाकडं वळली.

टप्.

पाइपाच्या तोंडाखाली, भेगाळल्याल्या पाटात, वंजळभर पानी साचलं हुतं.

काकासाहेबानं कंदील दोरानं विहिरीत सोडला. पार तळाला. थितं धूळ. कोरडी.

गोरक्ष्यानं पाटातल्या पान्यात बोट बुडवलं. जिभंला लावलं.

खारट हुतं.