देवबागला उरलेली एक प्लेट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मालवणच्या बाजारात तीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं, हयातभर लोकांचे चेहरे उजळ करून दिले. तुम्ही या सूर्यास्ताच्या फोटोचं विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी कशाला तोंड उघडतोय!

एकोणीसशे एकोणसाठ साल, कार्तिक महिना. देवबागहून हरिश्चंद्र बोलवायला आला. त्याचा थोरला भाऊ बाबली आदल्या वर्षी मासे मारायला गेला तो परतलाच नाही. ना होडी मिळाली, ना तो. वर्षश्राद्धाला हार घालायला फोटो हवा होता, आणि बाबलीने जन्मात फोटो काढलेला नव्हता. अशा वेळी आम्ही तोंडवळ्याने मिळत्या भावाला मेलेल्याच्या कपड्यांत बसवायचो. मिशीबिशी मागाहून छापलेल्या फोटोवर काढायची, नको ते काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलने भरून घालवायचं. धंद्यातली नेहमीची गोष्ट होती ती.

त्यांची आई, माई, खळ्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळवत होती. मी खुर्ची मांडली तशी उठून आली.

“जित्याक मेल्याच्या जागेर बसवू नकात, भाऊ. ह्यो एकच झील रवलो आसा माका.”

बाबलीची बायको सुभद्रा दारातून हळूच म्हणाली, “माई, माका हल्ली त्येंचा तोंड आठवणा नाय. हार खंय घालू?”

माई पुन्हा सुंगटांकडे वळली. हरिश्चंद्र मात्र हसत होता. “घेवा ओ, भाऊ. दादाचो शर्ट घातल्यार काय मी मरतलंय?”

मी त्याला स्टुडिओच्या रीतीने बसवलं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी जरा वर. एका प्लेटीत, म्हणजे निगेटिव्हच्या एका काचेत, काम झालं. एक प्लेट शिल्लक राहिली.

परत निघालो तेव्हा कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर घेऊन तो माझ्याबरोबर किनाऱ्याने चालला होता. शर्ट भावाचाच होता अंगात. दिवसभर मळभ होतं. अचानक पाण्याच्या कडेला ढग बोटभर वर उचलले आणि खालून उजेड आला. कोकमाचा पिकलेला रातांबा फोडल्यावर आत दिसतो, तसा रंग. लाटांचा आवाज बसला. वास तेवढा होता, सुक्या मासळीचा. मी चेहरे काढून काढून विटलेला माणूस. म्हटलं, ही प्लेट आपली.

“हय काय आसा काढूक?” हरिश्चंद्र म्हणाला. “रोजचोच तो सूर्य.”

समुद्रावर काहीही नव्हतं. पुन्हा सांगतो, काहीही नव्हतं. आणि हरिश्चंद्र माझ्या डाव्या हाताला उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटी धुतल्या. सूर्यास्ताच्या काचेवर एक होडी होती. मागच्या टोकाला एक माणूस वल्हं मारत होता. पुढे दुसरा बसलेला... पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी जरा वर. अहो, होडीत असं कोण बसतं? मला भीती वाटली.

मग मला जे येत होतं ते मी केलं. पेन्सिल घेतली आणि काचेवर तो पुढचा माणूस बारीक रेघांनी भरून टाकला. असं भरलं की छापताना तिथे नुसतं उजळ पाणी येतं. छापलं. होडीत एकटा वल्हं मारणारा राहिला. हात थांबले तेव्हा दुपार झाली होती.

लगेच दोन्ही फोटो घेऊन देवबाग गाठलं. ओहोटीच्या ओल्या वाळूत माई एकटीच उभी होती.

“हरिश्चंद्र कुठाय?”

“घरात आसा. कित्याक?”

माझा जीव भांड्यात पडला. हाराचा फोटो देताना दुसराही तिच्या हाती गेला. तिने तो उजेडात धरला.

“बाबली,” ती म्हणाली. “ह्येचा वल्हा मारणा मी वळखतंय.” मग होडीच्या पुढच्या टोकावर बोट ठेवलं. “मागे एकटो माणूस बसलो, तर होडयेचा तोंड वर उचलता. ह्या दबला हा... फुडे कोण आसा?”

“कोणी नाही, माई.”

“वजन आसा मां. माणूस खंय गेलो?”

मी फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात घरातून हरिश्चंद्र बाहेर आला. हसत, हात हलवत, ओल्या वाळूतून थेट आमच्याकडे. धडधाकट. “फोटो बरो इलो मां, भाऊ?” मी मान हलवली. हाराचा फोटो घेऊन तो वहिनीला दाखवायला माघारी गेला.

वाळू मऊ होती. माझी पावलं घोट्यापर्यंत रुतलेली, माईचीही. तो जिथून आला आणि गेला तिथे वाळू सपाट होती.

माईने ते पाहिलं. लुगड्याचा काष्टा आवळला, वाकली, आणि दोन्ही हातांनी माझ्या पावलांचे ठसे पुसू लागली. मग स्वतःचे.

“सुभद्रा येतली. तिका कळूक नको,” ती खाली बघूनच म्हणाली. “तुमी पाण्यातसून जावा, भाऊ.”