दुसरं वाक्य

चप्पल उगारून कुणी प्रेमात पडतं का? प्रियदर्शनी पडली.

साखरा गावात, तिच्या घरच्या फुलाशेंगांवर आलेल्या तुरीत एक मेंढी घुसली होती. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती मेंढीमागे धावली, आणि समोरून धापा टाकत आला हरीश. त्यानं मेंढीला लेकरासारखं उचलून खांद्यावर घेतलं आणि चपलेकडे बघत म्हणाला, "मारायचं तर मला मारा. तिला काय कळतंय?" त्याच्या केसांत तुरीचं पिवळं फूल अडकलं होतं... चप्पल आपोआप खाली आली.

पुढे कळलं, दोघंही सेनगावच्या एकाच कॉलेजात, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. महिनाभरात 'तुमी'चं 'तू' झालं. हरीश कादंबरी लिहीत होता आणि हे गुपित अख्ख्या वर्गात एकट्या प्रियदर्शनीला ठाऊक होतं. त्याचं अक्षर म्हणजे ओल्या रानातून कळप चालून गेलेला, म्हणून सुवाच्य प्रत करण्याचा मान तिचा. उद्या मराठीच्या सरांना पहिलं पान दाखवायचं होतं. सरांनी बजावलं होतं, सुरुवात अशी पाहिजे की वाचणाऱ्याचा हात वहीवरून निघू नये.

बसस्टँडवर वही तिच्या हातात देऊन हरीश चहा आणायला गेला. तिनं पान उघडलं.

'पेमा माझ्याकडं न बघता निघून गेली, आन् माझं सारं आयुष्य तिच्यामागं पळत सुटलं.'

तिचा हात वहीवरून तत्काळ निघाला. वही मिटली.

पेमा... ब तुकडीत होती ना एक पेमा! कमरेएवढी वेणी, हसली की गालाला खळी. परवाच हरीशकडे पेन मागायला आली होती. अन् परत केला का पेन? छे! प्रियदर्शनीनं नकळत स्वतःची वेणी पुढे ओढून बघितली. खांद्याच्या जरा खाली. संपलंच मग.

हरीश दोन कप घेऊन येऊन शेजारी बसला. तिनं चहा नको म्हटलं. बसच्या वेळापत्रकाची पाटी वाचत बसली, जणू ती आज पहिल्यांदाच लागलीय.

"पान वाचलंस?" त्यानं भीत भीत विचारलं.

"एकच वाक्य. लई जोरदार सुरुवात हाय." मग तिला राहवेना. "पेमा कोण?"

"घरचीच हाय की."

"घरची?"

"व्हय. लहानपणी आई गेली तिची. म्याच दूध पाजून वाढवली. अजूनबी माझ्याच हातानं खाती, दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई." तो सांगता सांगता फुलून गेला होता. "डोळे तर असे, काजळ घातल्यागत..."

वही त्याच्या मांडीवर आपटत प्रियदर्शनी म्हणाली, "मग लगीन करून टाक तिच्याशी. आन् प्रतबी तिच्याकडूनच करून घे."

हरीशच्या हातातला चहा हिंदकळला, इतका तो हसला.

"मेंढीशी?"

"...काय?"

"तुमच्या तुरीत घुसलेली. तीच पेमा. काहून एवढी तापून राहिली तू?"

प्रियदर्शनीला वाटलं, बस आत्ता यावी आणि आपण तिच्या टपावर चढून बसावं. हरीशचं हसू मात्र हळूहळू विरलं. त्यानं वही उघडली, बोट ठेवलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "दुसरं वाक्य तर वाच."

'तिला हाकलायला एक पोरगी चप्पल घेऊन आली, आन् तिचं नाव लिहायची हिंमत मला अजून व्हईना, काहून की ते लिहिलं तर माझं काय झालंय, ते साऱ्यांना समजंल.'

तिनं ते दोनदा वाचलं. स्टँडवरचा गलका कुठे गेला, कोण जाणे.

"पण पहिल्या वाक्यात तीच काहून?" ती पुटपुटली. राग होता, पण आता त्याला धार नव्हती.

"ती घुसली नसती, तर तू आली असतीस का?"

तिनं हात पुढे केला. "पेन दे."

"पेन तर... त्या ब तुकडीतल्या पेमाकडं राहिला."

एक जळजळीत कटाक्ष टाकून तिनं आपल्या दप्तरातला पेन काढला. 'एक पोरगी'वर काट मारली आणि वरती, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं— प्रियदर्शनी.

मग कुणाला खोडता येऊ नये म्हणून पुन्हा एकदा गिरवलं.