पावण्यांनी दुकान वाढवलं

"पावणं, जरा हात लावा की!"

शटर अर्ध्यावर अडकलेलं आणि मी त्याला लोंबकळलेली... कळंब्याच्या पंचरत्न शॉपिंग सेंटरमधला, अठ्ठ्याण्णव सालचा, माझ्या बांगड्यांच्या दुकानाचा तो पहिलाच दिवस. समोरून जाणाऱ्या उंच मुलानं हातातला कॅसेटचा खोका खाली ठेवला, शटर वर ढकललं आणि हसला.

"पावणा न्हाय ओ. समोरचं कॅसेटचं दुकान माझंच हाय. मी कृष्णात, मलकापूरचा."

पण माझ्यासाठी तो 'पावणं'च राहिला. आणि मी त्याची 'बांगडीवाली'.

मी गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरायला लागले, की तो गाण्याचा आवाज कमी करायचा.

"का ओ, गाणं का बारीक केलं?"

"तुमच्या बांगड्या ऐकू येत न्हवत्या की!"

असलं काहीतरी बोलायचा आणि कॅसेट पुसत बसायचा. मी मेली मग दिवसभर चुकीच्या मापाच्या बांगड्या काढायची.

आजूबाजूची दुकानं बदलत गेली. एसटीडी बूथ गेला, व्हिडिओ गेम आले, मग साड्यांचा सेल. आम्ही दोघं मात्र समोरासमोर तसेच. आणि मनातलं कुणीच बोलेना.

दोन हजार चारच्या एका संध्याकाळी तो माझ्या काउंटरला टेकून उभा राहिला. हिरवी बांगडी बोटात फिरवत म्हणाला,

"उद्या दुकान वाढवतोय."

त्याच्या शेजारचा गाळा रिकामाच होता. तो घे म्हणून सेंटरचे मालक आकारामकाका त्याच्या मागे लागले होते. मला केवढा आनंद झाला!

"वाढवा की! कवापासनं वाट बघतीया मी!"

त्याचा चेहरा उतरला. "एवढं बरं वाटलं व्हय तुमास्नी?"

"लई!"

सकाळी त्याच्या शटरवर पाटी होती – गाळा भाड्याने देणे आहे.

बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे मी पोरींना रोज सांगायची. आणि दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं, हे माझ्याच डोक्यात आलं नाही! कॅसेट घेत तरी कोण होतं तेव्हा? 'जाऊ नका' एवढंच ऐकायला तो आला होता, आणि मी...

त्याच्या मागं मलकापूरला जावं, तर कुठल्या नात्यानं?

त्याच्या गाळ्यात मोबाइलवाला आला, मग केकवाला. दरवेळी ते शटर वर जाताना माझा जीव खालीवर व्हायचा. घरी स्थळं यायची, मी नाक मुरडायची. फार आठवण यायची त्याची. फार.

वर्षं गेली. आणि एका दुपारी काउंटरवर तोच आवाज –

"बांगड्या पायजेत. हिरव्या, लग्नाच्या."

मी हिरव्या बांगड्यांचा डबा पुढे ओढला. "माप?"

"तुमच्या हाताचं."

मी मान वर केली. कानाजवळ एक-दोन पांढरे केस, हसू मात्र तेच.

"आकारामकाका भेटलं जोतिबाच्या डोंगरावर. म्हणालं, ती पोरगी अजून इचारतीया – पावणं दुकान मोठं करणार हुतं, मग गेलं का?"

मी डोळे पुसले आणि दिवे मालवले. "आज मी दुकान वाढवतीया."

तो दचकला. "मोठं करताय, का बंद?"

"आज बंद. मोठं... दोघांनी मिळून करू."

तो बघत असतानाच मी बाहेर येऊन शटर ओढलं. ते आजही अर्ध्यावरच अडकलं.

"बघताय काय, पावणं? हात लावा की!"